मिनिटाला पंचवीस हजार

मिनिटाला पंचवीस हजार! हा आकडा कानावर पडला आणि मी खुर्चीत सरळ होऊन बसलो. एकवीस वर्षे बँकेत कारकुनी केलेल्या माणसाला आकड्यापुढे रुपयेच ऐकू येतात. पण व्यासपीठावरचे सुटाबुटातले गृहस्थ रुपयांबद्दल बोलत नव्हते. (रुपयांबद्दल ते सर्वांत शेवटी बोलले.) माणूस मिनिटाला पंचवीस हजार शब्द वाचू शकतो, आपण फक्त आपली झाकलेली शक्ती ओळखत नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

माझी झाकलेली शक्ती ओळखायला मला आमच्या सौभाग्यवतींनी ओढून आणले होते. डोंबिवलीतले एक मंगल कार्यालय, मे महिन्यातला रविवार, दुपारचे तीन, आणि 'वेगवाचन कार्यशाळा, पहिले सत्र विनामूल्य'. आमचे चिरंजीव नुकतेच नववीत गेलेले. त्यांचा पुस्तकाशी संबंध मोबाईल टेकवून उभा करण्यापुरता. सकाळी तिथे कुणाचे तरी लग्न लागून गेले होते, त्यामुळे सबंध हॉलला मसालेभाताचा वास येत होता आणि व्यासपीठामागची 'शुभविवाह' ही अक्षरे काढायची राहिली होती. त्या अक्षरांखाली उभे राहून ते गृहस्थ आम्हाला आमच्या वाईट सवयी सांगत होते.

"तुमच्यापैकी किती जण वाचताना मनातल्या मनात शब्द उच्चारतात?"

सगळे हात वर गेले.

"हाच तुमचा शत्रू! आणि वाचताना मागच्या ओळीवर परत कोण कोण जातं?"

पुन्हा सगळे हात, पण या वेळी जरा कमी उंचीवर. माझ्या शेजारच्या पालकांनी माझ्याकडे आणि मी त्यांच्याकडे पाहिले. बिनतिकीट पकडलेले दोन प्रवासी एकमेकांकडे पाहतात तसे.

मग आज्ञा सुरू झाल्या. मनातला आवाज बंद करा. मागे वळून पाहू नका. एकेक शब्द वाचू नका, शब्दांचे घोस उचला. आणि ओळ पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचू नका. दोन शब्द आत सुरू करा, दोन शब्द अलीकडे थांबा. कडेला फारसे काही नसते. ही शेवटची आज्ञा वाचकांनी कृपया लक्षात ठेवावी. आपण तिच्याकडे परत येणार आहोत, मागे वळून पाहणे गुन्हा असला तरी.

फी साडेआठ हजार. वेग तिप्पट झाला नाही तर पैसे परत. मी हिशेब करेपर्यंत सौभाग्यवतींनी चौकटीवर मोबाईल धरलासुद्धा. पावती मिळाली. तिच्या पाठीमागे बारीक अक्षरांत बरेच काही छापलेले होते. पण नुकताच दीड तास कडा सोडण्याचा उपदेश ऐकला होता. मी चारही कडा सोडल्या आणि पावती घडी करून खिशात घातली.

वर्ग चिरंजीवांचा होता, पण अभ्यास मीच केला. पैसे भरलेल्या वस्तूचा वापर व्हावा, हा आमच्या घराण्याचा कुलधर्म आहे.

पहिली पद्धत हाताची. या विद्येचे मूळ पीठ अमेरिकेत. युटा राज्यातल्या एव्हलिन वुड नावाच्या शिक्षिकाबाईंनी १९५९ साली 'रीडिंग डायनॅमिक्स'चा वर्ग काढला. पानावरून हात सपासप फिरवायचा आणि नजरेने त्याच्या मागे पळायचे, ही बाईंची पद्धत. वर्ग तुफान चालला. केनेडींच्या कचेरीतली माणसे तिथे शिकायला गेली. स्वतः केनेडी मिनिटाला १२०० शब्द वाचतात असे १९६१ साली छापून आले. हा आकडा कुणी घड्याळ लावून मोजलेला नव्हता, अंदाजाने ठरवलेला होता. पुढे १९७७ साली जिमी कार्टर राष्ट्राध्यक्षपदावर असताना सहकुटुंब हा अभ्यासक्रम शिकले. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष अधिक भरभर वाचू लागल्याने जगाचे काय भले झाले, ते आपण पाहतोच आहोत.

मी सकाळच्या वर्तमानपत्रावर प्रयोग केला. तीनच मिनिटांत पहिले पान संपले.

"पेपर वाचताय की पुसताय?" स्वयंपाकघरातून विचारणा झाली.

"वाचतोय."

"मग काय आलंय सांगा."

कुठल्या तरी पुलाचे काहीतरी झाले होते. मंत्री होते, गर्दी होती, पूल होता. त्याचे उद्घाटन झाले की तो पडला, हे मात्र माझ्या हाताखालून निसटले. क्रियापद कडेला होते.

दुसरी पद्धत संत्र्याची. थट्टा नाही. 'फोटोरीडिंग' नावाचा एक अमेरिकन प्रकार आहे. मिनिटाला पंचवीस हजारांचा तो आकडा याच घराण्यातला. यात पान वाचायचेच नसते, त्याचा फोटो काढायचा असतो, डोळ्यांनी. त्यासाठी आपल्या डोक्याच्या मागच्या बाजूला, जरा वर, एक संत्रे तरंगत आहे अशी कल्पना करायची, लक्ष त्या संत्र्यावर ठेवायचे, नजर सैल सोडायची आणि भराभरा पाने उलटत जायचे. मजकूर म्हणे आपोआप आत जातो. मी डोळे सैल सोडून, संत्रे सांभाळत, एक कादंबरी उलटत बसलो होतो. चिरंजीव आले, दोन मिनिटे माझ्याकडे पाहत उभे राहिले आणि आत जाऊन आईला म्हणाले, "बाबांना बरं वाटत नाहीये."

आता हे संत्रे कुणी तपासलेच नसेल असे समजू नका. १९९९ साली अमेरिकेच्या नासाच्या एका संशोधन केंद्रासाठी याची रीतसर परीक्षा झाली. चंद्रावर माणूस पाठवणाऱ्या संस्थेला संत्र्याचा उपयोग सापडला नाही. समज वाढली नाही आणि वेळही वाचला नाही. या विद्येत मुरलेल्या तज्ज्ञाला तर ती वापरल्यावर उलट जास्त वेळ लागला. नागपूरकरांनी मनाला लावून घेऊ नये.

तिसरी पद्धत मोबाईलवरची. २०१४ साली 'स्प्रिट्झ' नावाच्या प्रकाराचा फार बोलबाला झाला होता. यात ओळीच नसतात. एकाच जागी एकेक शब्द चमकतो आणि जातो, त्यातले एक अक्षर लाल असते, डोळ्याने तिथेच बसून राहायचे. डोळ्याला हिंडायची गरज नाही म्हणून वेळ वाचतो, असा हिशेब. त्याच जातीचे एक अॅप उतरवून मी लोकलमध्ये बसलो. (उभा राहिलो. लोकलमध्ये 'बसलो' हे फक्त लिहिताना जमते.) घाटकोपरला एका दणकट गृहस्थांचे कोपर लागले आणि त्या क्षणात सतरा शब्द निघून गेले. ते सतरा शब्द कुठे गेले विचारायला मागे जाता येत नाही. कथेतली बाई घाटकोपरच्या अलीकडे अविवाहित होती, पलीकडे तिला दोन मुले होती.

गंमत म्हणजे त्याच वर्षी, २०१४ मध्येच, कॅलिफोर्नियात संशोधकांनी एक साधा प्रयोग केला. वाचून झालेला शब्द लगेच झाकला जाईल अशी व्यवस्था केली, म्हणजे माणसाला मागे वळता येऊ नये. समज घसरली. म्हणजे ज्या सवयीबद्दल मंगल कार्यालयात आम्ही माना खाली घातल्या, ती सवय नव्हतीच, तो हिशेब तपासणे होते. आमच्या बँकेत संध्याकाळी रोकड जुळली नाही तर आम्ही परत मोजतो. परत मोजणे ही वाईट सवय आहे, असे आजवर कुठल्याही तपासनिसाने लिहून दिलेले नाही.

मी कॉमर्सचा पदवीधर. तेव्हा पंचवीस हजारांचा ताळेबंद मांडून पाहिला. वाचताना डोळा ओळीवरून गुळगुळीत सरकत नाही, उड्या मारतो, हे पॅरिसच्या एमिल जाव्हाल नावाच्या डॉक्टरांनी १८७०च्या दशकाच्या अखेरीस नोंदवले. उडी, मुक्काम, उडी, मुक्काम. वाचन होते ते मुक्कामावर, आणि एक मुक्काम साधारण पाव सेकंदाचा. म्हणजे मिनिटाला २४० मुक्काम. पंचवीस हजार शब्द भागिले २४०, उत्तर १०४. एका मुक्कामात १०४ शब्द उचलायचे! आता डोळ्याला अगदी स्वच्छ दिसते किती? हात लांब करून अंगठा समोर धरा. त्या अंगठ्याच्या रुंदीएवढे. बाकी सगळे अंधूक. तेवढ्यात १०४ शब्द वाचणारा माणूस खरा अंगठेबहाद्दर म्हटला पाहिजे.

साधा माणूस स्वस्थपणे इंग्रजी वाचतो तो मिनिटाला २४० शब्दांच्या आसपास. म्हणजे मुक्कामाला एक शब्द. निसर्गाचा हिशेब इतका चोख जुळतो, की आमच्या शाखेतल्या संगणकाने लाजावे.

आणि यांच्यातले अस्सल खेळाडू? लंडनला २००७ साली हॅरी पॉटरचे शेवटचे पुस्तक बाहेर पडले. जगभर पोरे मध्यरात्री दुकानाबाहेर रांगा लावून उभी. पहिल्या पुस्तकापासून दहा वर्षे सगळे ज्याची वाट पाहत होते, ते पुस्तक ॲन जोन्स नावाच्या बाईंनी ४७ मिनिटांत संपवले. डोंबिवलीहून फास्ट लोकलने दादर येईतो! बाईंच्या कौशल्याला माझा नमस्कार आहे. पण सणाच्या दिवशी पुरणाचे जेवण ४७ सेकंदांत संपवणाऱ्या पाहुण्याबद्दल यजमानीणबाईंना काय वाटेल, तेच मला त्या पुस्तकाबद्दल वाटले.

फास्ट लोकलचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो. फास्ट लोकल वेगाने जाते ती इंजिनाला संत्रे बांधलेले असते म्हणून नव्हे. ती नाहूर, कांजूरमार्ग, विद्याविहार घेत नाही म्हणून. तुम्हाला दादरला जायचे असेल तर उत्तम. कांजूरमार्गला राहणाऱ्या माणसाने मात्र ठाण्यालाच उतरून स्लो पकडावी. माझी तक्रार फास्ट लोकलबद्दल नाहीच. 'आमची फास्ट लोकल सगळी स्टेशने घेते' असे सांगून साडेआठ हजार घेण्याबद्दल आहे.

या गाळलेल्या स्टेशनांच्या वाचनाला मराठीत शब्द आहे, आणि तो शिकायला पैसे पडत नाहीत. चाळणे. आपण पेपर चाळतो, दिवाळी अंक चाळतो, मुलीकडच्यांनी पाठवलेली माहिती चाळतो. बँकेतली परिपत्रके तर मी खालून वर चाळतो, कारण शेवटच्या परिच्छेदात 'त्वरित अंमलबजावणी' असेल तरच वरचे वाचायचे असते. पीठही चाळायचे आणि पुस्तकही चाळायचे, हे आपल्या पूर्वजांनी फार विचार करून ठरवले असावे. चाळल्यावर काही खाली पडते, काही वर राहते, हे कुठल्याही गृहिणीला ठाऊक असते. जस्ट आणि कार्पेंटर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९८०च्या सुमारास हेच तपासले. एका बाजूला वेगवाचनाचे रीतसर शिक्षण घेतलेले, मिनिटाला ७०० शब्दांवाले. दुसऱ्या बाजूला काही न शिकता नुसते चाळणारे, ६०० शब्दांवाले. तिसरे आपल्यासारखे, २४०. सोप्या मजकुराचा गोषवारा सांगण्यात शिकलेले लोक चाळणाऱ्यांच्या अंमळ पुढे निघाले. तपशील विचारला की दोघेही सारखेच गार. तपशिलात पुढे राहिले ते आपले २४०वाले. २०१६ साली कीथ रेनर आणि चार सहकाऱ्यांचा याच विषयावरचा मोठा आढावा प्रसिद्ध झाला. त्यातही निकाल हाच: वेग वाढवाल तर समज कमी होईल. खरोखर वेग वाढायला शब्दसंपत्ती आणि विषयाची ओळख लागते. म्हणजे पुष्कळ वाचावे लागते. म्हणजे हळूहळू.

बरे, वेगवाचन आम्हाला नवे आहे असेही नाही. आमचे गुरुजी श्रावणात एका सकाळी तीन सत्यनारायण उरकतात. कलावती प्रसाद न घेता धावली, नौका बुडाली, चूक कळली, नौका वर आली, हे सगळे एका श्वासात होते आणि आरती संपेपर्यंत गुरुजींची स्कूटर सुरू झालेली असते. पण गुरुजींनी कधी आम्हाला समजण्याची हमी दिलेली नाही. ते पुण्याचे काम करतात, आकलनाचे नव्हे. शिवाय ते कडा सोडत नाहीत. वेग काहीही असो, अक्षर गाळले तर पाप लागेल अशी त्यांना भीती असते. मंगल कार्यालयातल्या गृहस्थांना तीही नव्हती.

आणि तो मनातला आवाज! तो म्हणे शत्रू. अहो, 'वाचणे' हा शब्दच मुळी वाचेपासून आलेला. माझी आजी पोथी वाचायची तेव्हा पलीकडच्या बिऱ्हाडाला ऐकू जायचे आणि तिथल्या आजी मध्येच भिंतीपलीकडून 'हं' म्हणायच्या. माझ्या वडिलांचे नुसते ओठ हलत. माझे ओठही हलत नाहीत, पण आत कुणीतरी बोलत असते. तीन पिढ्यांत आवाज तेवढा आत गेला. तो अजिबात बंद करा म्हणणे म्हणजे जिभेला न लावता लोणच्याची चव घ्या म्हणण्यासारखे आहे. चांगल्या विनोदी लेखकाचे पुस्तक आतल्या आवाजाशिवाय वाचून पाहा. हसू येईल ते फक्त स्वतःचे.

आता त्या कडांकडे येतो. मागे वळतो आहे, क्षमस्व.

ही सगळी विद्या इंग्रजीत जन्मली. इंग्रजी माणूस नाही म्हणायचे असले तर वाक्याच्या आरंभीच नाही म्हणून मोकळा होतो. आपले तसे नाही. आपल्या भाषेत क्रियापद शेवटी आणि 'नाही' त्याच्याही शेवटी. 'तुमची मागणी वरिष्ठांकडे सहानुभूतिपूर्वक विचारार्थ पाठवण्यात आली असून ती मान्य करता येणे शक्य', इथपर्यंत माणूस पेढे आणायला उठतो. मग येते 'नाही'. मराठी वाक्य म्हणजे रहस्यकथा आहे. खुनी शेवटच्या ओळीत, आणि त्या ओळीतही शेवटच्या कडेला. अशा भाषेत ओळीचे शेवटचे दोन शब्द सोडून वाचा, असे शिकवणाऱ्या माणसाला मराठी येत नसावे, किंवा फारच चांगले येत असावे.

हे मी चेष्टेने लिहीत नाही. हे मी काउंटरच्या आतल्या बाजूने पाहिलेले आहे.

कायद्याला शब्दांची किंमत कळते. चेकवर अंकात एक रक्कम आणि अक्षरात दुसरी असेल तर अक्षरातली खरी धरावी, असे १८८१चा पराक्राम्य संलेखांचा कायदा सांगतो. (या कायद्याचे मराठी नाव भरभर म्हणून दाखवणाऱ्यास मी माझ्या पैशाने साडेआठ हजार देईन.) पण बँकेत येणारा माणूस शब्द वाचत नाही. त्याला घाई असते, त्याच्या मागे रांग असते आणि रांगेला त्याच्याहून घाई असते. म्हणून आम्ही फुल्या मारतो. फॉर्मवर जिथे जिथे सही हवी तिथे तिथे पेन्सिलीने फुली. माणूस फुलीवरून फुलीवर उडी मारत जातो. नऊ फुल्या, नऊ सह्या, दोन मिनिटे. जगातली सर्वांत यशस्वी वेगवाचन पद्धत आमचीच, आणि आम्ही ती विनामूल्य शिकवतो.

दोन वर्षांपूर्वीच्या मार्चमधली गोष्ट. मार्च म्हणजे टार्गेट. एक निवृत्त प्राथमिक शिक्षक, वय बासष्ट, तीन लाखांची मुदत ठेव संपली म्हणून ती पुन्हा ठेवायला आले. साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावले, चहा पाजला आणि ठेवीपेक्षा 'जास्त चांगलं' काहीतरी सांगितले. मग कागद माझ्याकडे आले. मी नऊ फुल्या मारल्या.

"मास्तर, इथं इथं सह्या करा."

"वाचायला हवं."

"सगळे अशाच करतात हो."

"करत असतील," मास्तर म्हणाले आणि कागद घेऊन समोरच्या बाकावर बसले.

मंगल कार्यालयातल्या गृहस्थांनी पाहिले असते तर त्यांना भोवळच आली असती. मास्तरांचे ओठ हलत होते. ते एकेक शब्द घेत होते. ओळीखाली बोट होते, पण ते सपासप फिरत नव्हते, शाळेतल्या पोराला धडा देताना फिरते तसे फिरत होते. मध्येच ते बोट दोन ओळी वर जायचे आणि परत खाली यायचे. चाळीस मिनिटे झाली. साहेब केबिनच्या काचेतून दोनदा डोकावले. मी तिसऱ्यांदा पंखा वाढवून आलो. सव्वा तासाने मास्तर उठून माझ्याकडे आले.

"हे वार्षिक म्हणजे दर वर्षी ना?"

मी कागद उलटा करून पाहिला. खरे सांगायचे तर तो कागद मीही तेव्हाच पहिल्यांदा वाचला. वार्षिक म्हणजे दर वर्षीच होते. दर वर्षी तीन लाख, दहा वर्षे. मास्तरांनी कडेला पेन्सिलीने भागाकार केलेला होता. तीन लाख भागिले बारा. महिन्याला पंचवीस हजार.

"एवढी तर माझी पेन्शनसुद्धा नाही," मास्तर म्हणाले. आवाजात राग नव्हता. उत्तर चुकलेल्या मुलाला दुसरी संधी देतात तसा सूर होता. "आणि हे बघा. हप्ता चुकल्यास भरलेली सर्व रक्कम परत मिळेलच असे. इथं ओळ संपली. 'नाही' खालच्या ओळीवर एकटं बसलंय."

मग त्यांनी खोडरबर मागितले आणि माझ्या नऊच्या नऊ फुल्या एकेक करून खोडल्या. जाता जाता दोन ठिकाणचे ऱ्हस्वदीर्घही सुधारून दिले. ठेव पुन्हा ठेवली गेली. साहेब त्या दिवशी माझ्याशी बोलले नाहीत.

पण त्या मार्चमध्ये मास्तर एकच आले. बाकीच्यांनी फुल्यांवर सह्या केल्या. किती जणांनी, ते मी मोजले नाही, बँकेतला माणूस असून. पुढच्या मार्चमध्ये एक बाई आल्या. पोळीभाजीचे डबे करतात. हातात दुसऱ्या हप्त्याची नोटीस. रांगेत शांतपणे उभ्या राहिल्या, नंबर आल्यावर मला म्हणाल्या, "भाऊ, फुल्या तुम्हीच मारल्या होत्या ना?"

पॉलिसी हातात पडल्यापासून ती वाचून, नको असल्यास परत करायला आता ३० दिवस मिळतात. २०२४ साली विमा नियामकांनी ही मुदत सर्वांसाठी ३० दिवसांची केली, त्याआधी बहुतेकांना १५ दिवसच मिळत. सरकारदरबारी कुणीतरी विचार केला असेल की असा कागद समजायला साध्या माणसाला महिना लागतो. मंगल कार्यालयातल्या हिशेबाने अर्धे मिनिट पुरते. बाईंचे तीस दिवस केव्हाच होऊन गेले होते. मी साहेबांकडे गेलो, अर्ज लिहून दिला, पत्रे पाठवली. बाईंचे थोडे पैसे परत आले. सगळे नाही.

म्हणून या भरभर वाचायला शिकवणाऱ्यांशी माझे भांडण आहे. साडेआठ हजारांचे मी सोडून देईन. (देणार नाही, पण समजा दिले.) आमच्यासारखे बारीक टायपात छापणारे लोक या देशात थोडे का आहेत, की त्यांच्या मदतीला आता वाचणाऱ्यालाच घाई शिकवणारे वर्ग निघावेत? कडेला काही नसते म्हणे! आमचा सगळा धंदा कडेला असतो. अमेरिकेतही हे लोक टीव्हीवरून जाहिराती करून पकडले गेले; १९९८ साली तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने एका वेगवाचन कार्यक्रमाच्या जाहिराती खोट्या ठरवून कारवाई केली. त्या जाहिराती पाहून पैसे भरणाऱ्यांनीही त्या भरभरच वाचल्या असणार.

चिरंजीवांचा वर्ग महिनाभरात संपला. शेवटच्या दिवशी परीक्षा झाली. घरी येऊन त्यांनी सांगितले, वेग तिप्पट झाला.

"काय वाचलंस?"

"एक गोष्ट होती. कुत्र्याची. किंवा कुत्र्याच्या मालकाची."

दुसऱ्या दिवशी अर्धा दिवस रजा टाकून मी त्यांच्या कचेरीत गेलो. काउंटरवर एक तरतरीत मुलगी होती.

"वेग तिप्पट झालाय ना, काका?"

"झालाय. पण त्याला कळलं काही नाही."

"कळण्याचं पावतीत कुठे आहे?"

प्रश्न रास्त होता. मी खिशातून पावती काढली, उलटी केली, चष्मा लावला आणि पहिल्या शब्दाखाली बोट ठेवले. ओठ हलत होते, हलू दिले. पहिली ओळ झाली. तिच्या शेवटी एक शब्द जरा संशयास्पद वाटला म्हणून पुन्हा आरंभाला गेलो. माझ्या मागे फी भरायला आलेले पाच-सहा पालक चुळबुळ करू लागले होते.

"काका," ती मुलगी म्हणाली, "जरा लवकर वाचा ना. मागे लोक थांबलेत."

मी दुसऱ्या ओळीवर होतो.